हळद्या, पोपट आणि काविळीची माळ

1984 च्या श्रावणात मला कावीळ झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ती पहिल्यांदा ओळखली आजीने. सकाळी वेणी घालता घालता तिने माझे तोंड उजेडाकडे वळवले, अंगठ्याने खालची पापणी ओढून पाहिली आणि फणी तशीच खाली ठेवून आईला हाक मारली. तालुक्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, लघवीचा रंग विचारला, ग्लुकोजची पूड आणि तीन आठवड्यांची विश्रांती लिहून दिली, आणि या दुखण्यावर वेगळे असे औषध नसते, ते आपले आपण बरे होते, असे अगदी प्रामाणिकपणे सांगून टाकले. डॉक्टरांचा हा प्रामाणिकपणाच आजीला मानवला नाही. ज्या आजारावर डॉक्टरकडे औषध नाही तो आजार डॉक्टरचा नव्हेच, असा तिचा सरळ हिशेब होता. त्या हिशेबाने पुढच्या रविवारी मला अनशापोटी एस.टी.त बसवून शेजारच्या गावी कावीळ उतरवून घ्यायला नेण्यात आले.

कावीळ उतरवणारे गृहस्थ शेतकरी होते. त्यांच्या हाताला गुण आहे असे पंचक्रोशीत मानत, आणि पैसे घेतले की गुण जातो म्हणून ते नारळापलीकडे काही घेत नसत. त्यांनी मला ओसरीवर पाटावर बसवले. समोर पितळी परातीत चुन्याची निवळी होती, पाण्यासारखी स्वच्छ. माझ्या टाळूपासून खांद्यांवरून बोटांच्या टोकांपर्यंत त्यांनी आपले दोन्ही तळवे फिरवत आणले, काहीतरी पुटपुटले आणि हात परातीत बुडवून चोळले. पाण्यात पिवळी रेघ उमटली. दुसऱ्या वेळी पाणी फिकट पिवळे झाले आणि तिसऱ्या वेळी थेट पातळ वरणासारखे. मी आधी परातीकडे पाहिले आणि मग स्वतःच्या हाताकडे, तो काही पांढरा झाला आहे का म्हणून.

निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर एक माळ ठेवली. बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या काड्या दोऱ्याच्या फासांत एकेक करून अडकवलेल्या होत्या, आणि माळ इतकी तोकडी होती की ती टोपीच्या काठासारखी कपाळावर बसली. ही वाढत जाईल, गळ्यात उतरेल, मग छातीवर, आणि बेंबीपाशी पोहोचली की कावीळ गेली समजा. मग ती वाहत्या पाण्यात सोडून द्या, असे त्यांनी सांगितले. माळ खरोखरच वाढू लागली. चौथ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती गळ्यात होती, आणि दुपारपर्यंत आळीतल्या सगळ्या बायका ती पाहून गेल्या होत्या.

माझे काका शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी येताना, घरात आणखी एकाला लागण वाटते, अशी थाप मारून दुसरी माळ मागून आणली होती, आणि ती गुपचूप स्वयंपाकघरातल्या माठाच्या गळ्यात घातली होती. त्या चौथ्या दिवशी त्यांनी सर्वांना बोलावून दाखवले: माठाची माळही गळ्यावरून घसरून पोटावर आली होती. ओल्या काड्या सुकून आक्रसतात, त्यांच्याभोवतीचे फास सैल होतात आणि प्रत्येक फासातून थोडाथोडा दोरा मोकळा होऊन माळ लांबते, मग ती माणसाच्या गळ्यात असो की खुंटीवर, हे त्यांनी काडी हातात धरून समजावले. "म्हणजे वहिनी, माठाचीपण कावीळ उतरली बघा," ते आईला म्हणाले. आजी चुलीपाशी बसली होती. तिने मान वर न करता उत्तर दिले, "मग बरोबरच आहे की. त्यातलंच पाणी पिऊन तर झाली ना पोरीला!"

सगळे हसले. काका सर्वांत जास्त हसले.

त्यानंतर रसायनशास्त्र शिकण्यात आणि पुढे शिकवण्यात माझी तीसेक वर्षे गेली. कावीळ मात्र, एखाद्या जुन्या ओळखीच्या बाईसारखी, वाचताना पुनःपुन्हा भेटत राहिली, आणि दर वेळी तिच्याभोवती तोच खेळ मांडलेला दिसला. सर्वांत जुना खेळ अथर्ववेदातला. पहिल्या कांडातले बाविसावे सूक्त चार ऋचांचे आहे आणि ते काविळीवरचे आहे. तुझा हृदयदाह आणि तुझा पिवळेपणा सूर्याच्या मागोमाग वर जावो, तांबड्या बैलाच्या रंगाने आम्ही तुला वेढतो, असे ते सुरू होते. शेवटच्या ऋचेत, तुझा पिवळेपणा आम्ही पोपटांमध्ये ठेवतो, रोपणाका आणि हारिद्रव पक्ष्यांमध्ये ठेवतो, असे म्हटले आहे: "शुकेषु ते हरिमाणं रोपणाकासु दध्मसि". पोपट हिरवा असताना तो काविळीच्या कामी कसा आला, असा प्रश्न मला पडला होता. पण वैदिक 'हरि' हा शब्द पिवळा, हिरवट आणि पिंगट अशा सगळ्यांना पोटात घेतो, त्यामुळे ऋषींच्या डोळ्यांनी पोपट, हळद आणि काविळीचा रोगी एका रांगेत बसत होते.

हे सूक्त म्हणताना करायचे काय, ते कौशिकसूत्र या अथर्ववेदाच्या विधिग्रंथात आहे. रोग्याला तांबड्या बैलाच्या कातड्यावर बसवायचे आणि त्या बैलाचे केस घातलेले पाणी पाजायचे. मग हळदीच्या भाताने त्याला डोक्यापासून पायापर्यंत माखायचे, खाटेवर बसवायचे, खाटेच्या पायाला पिवळ्या दोऱ्याने ते पक्षी बांधायचे आणि वरून पाणी ओतायचे. हळद धुपत, ओघळत, रोग्याच्या अंगावरून खाटेखालच्या पक्ष्यांवर पडते. तांबड्या बैलाचे केस सोन्याच्या पत्र्यात गुंडाळून रोग्याच्या अंगाला चिकटवले की विधी पुरा. वाचताना मला क्षणभर ती पितळी परातच समोर दिसली. पिवळेपणा आधी डोळ्यांना दिसेल असा अंगावर आणायचा, मग पाण्याने खाली उतरवायचा आणि तो गेला हे सर्वांसमक्ष दाखवायचे. मधल्या अडीच-तीन हजार वर्षांत पक्षी तेवढे गळून गेले होते.

पक्षी भूमध्य समुद्राच्या काठी मात्र टिकून होते. ग्रीक भाषेत काविळीला आणि एका पिवळ्या पक्ष्याला 'इक्तेरॉस' हे एकच नाव होते. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की काविळीच्या माणसाने या पक्ष्याकडे पाहिले की माणूस बरा होतो आणि पक्षी मरतो. त्याने त्याला जे लॅटिन नाव दिले आहे त्यावरून तो पक्षी आपला हळद्या असावा असे मानतात. मराठीने या पक्ष्याला हळदीवरूनच नाव द्यावे आणि ग्रीकांनी काविळीवरून, यात कोणी कोणाचे घेतलेले नाही. दोघांनीही झाडावरचा एकच पिवळाजर्द ठिपका पाहिला होता. खारॅड्रिओस नावाचा आणखी एक पक्षी होता, तो रोग्याच्या नजरेतून आजार ओढून घेई. ग्रीक लेखक प्लुटार्क म्हणतो की हा पक्षी काविळीच्या माणसासमोर डोळे मिटून तोंड फिरवतो, कारण ती नजर त्याला घावासारखी लागते. तो विकणारे लोक त्याला झाकून ठेवत, गिऱ्हाइकाने नुसते पाहून फुकट बरे होऊ नये म्हणून, अशीही जुनी नोंद आहे. ती वाचून मला त्या नारळाखेरीज काही न घेणाऱ्या शेतकऱ्याविषयी आदरच वाटला. पुढे मध्ययुगीन युरोपात हाच पक्षी कॅलॅड्रियस नावाने पांढराशुभ्र झाला, राजांच्या शय्येपाशी येऊन बसू लागला, आणि रोग्याचा आजार स्वतःत घेऊन सूर्याकडे उडून जाऊ लागला.

प्लुटार्कने ही पक्ष्याची गोष्ट जिथे सांगितली आहे ते प्रकरण मुळात दृष्ट लागण्यावरचे आहे. भोजनानंतर मंडळी बसली आहेत आणि यजमानाच्या घरी वाद रंगला आहे की नुसत्या नजरेने माणसाला इजा कशी होईल. शरीरातून सतत सूक्ष्म प्रवाह बाहेर पडत असतात, सर्वांत जास्त डोळ्यांतून, आणि ते दुसऱ्याच्या शरीरात शिरतात, असे उत्तर तिथे दिले जाते. काही बापांची दृष्ट स्वतःच्याच मुलांना लागते म्हणून बायका मुलांना त्यांच्या नजरेआड ठेवतात, हेही त्याच ओघात येते. आमच्या घरात आईचीच दृष्ट सर्वांत वाईट, असे म्हणत आणि मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्यावर आईलाही बाळाकडे एकटक पाहू देत नसत. न दिसणारे काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, ही समजूत प्लुटार्कच्या पंगतीला तर्काला सोडून वाटत नव्हती. ते तेव्हाचे चांगले, सुशिक्षित निसर्गशास्त्र होते.

याच प्रवाहांनी ल्युक्रेशियस या लॅटिन कवीने काविळीची आणखी एक गोष्ट समजावून सांगितली आहे: काविळीच्या माणसाला सगळे पिवळे दिसते, कारण त्याच्या शरीरातून पिवळे कण बाहेर पडून वस्तूंच्या प्रतिमांत मिसळतात. आपल्याकडे दर्शनशास्त्रात भ्रमाचे ठरलेले उदाहरण 'पीतः शङ्खः' हे आहे. काविळीच्या रोग्याला पांढरा शंख पिवळा दिसतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात डोळ्यांत कावीळ शिरलेल्याला चांदणे पिवळे भासते, आणि मराठी म्हणीत तर त्याला अवघे जगच पिवळे. रोम, काशी, नेवासे आणि आमची आळी या सर्वांचे यावर एकमत आहे. मी तीन आठवडे ताटातल्या भाताकडे पाहत होते आणि तो पांढराच होता. पिवळेपणा चढतो तो बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर. उजेड ज्या वाटेने आत शिरतो ती वाट निर्मळ राहते. पण डोळे पिवळे आहेत त्या अर्थी दिसणेही पिवळेच असले पाहिजे, हे इतके पटण्यासारखे आहे की दोन हजार वर्षांत कोणा रोग्याला विचारून पाहावे असे फारसे कोणाला वाटलेले दिसत नाही.

जेम्स फ्रेझर या केंब्रिजच्या विद्वानाने 1890 मध्ये 'द गोल्डन बाऊ' प्रसिद्ध केले आणि पुढे ते वाढवत वाढवत बारा खंडांवर नेले. जगभरच्या जादूटोण्याच्या ढिगातून त्याने दोन नियम काढले. सारख्यातून सारखे उपजते, हा पहिला. आणि एकदा चिकटलेल्या वस्तू दूर झाल्या तरी एकमेकींवर परिणाम करत राहतात, हा दुसरा. बाहुलीला टाचणी टोचणे पहिल्यात येते. कापलेले केस आणि नखे कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून पुरणे दुसऱ्यात. काविळीचे पक्षी त्याने पहिल्या नियमाच्या उदाहरणांत घेतले आहेत. मांडणी सुरेख आहे, पण घरात बसून पत्रांवर आणि प्रवासवर्णनांवर लिहिणाऱ्या फ्रेझरला हा नियम माणसे प्रत्यक्षात कशी वापरतात याचा अंदाज नव्हता असे मला वाटते. आमच्याच घरात त्या तीन आठवड्यांत सारखेपणाचा नियम एकाच वेळी दोन उलट्या दिशांनी चालू होता. स्वयंपाकात माझ्यासाठी हळद बंद होती: बिनहळदीचे, बिनफोडणीचे वरण, ताक, लाह्या आणि ऊस. पिवळ्याने पिवळे वाढते, हे त्यामागचे कारण. आणि त्याच घरात वैद्यांनी दिलेला दारुहळदीचा काढा रोज सकाळी माझ्या घशाखाली उतरत होता, त्याचे लाकूड आतून पिवळे धमक असते. पिवळ्याने पिवळे जाते, हे त्यामागचे. सोळाव्या शतकातल्या युरोपात पॅरासेल्सससारख्या वैद्यांनी वनस्पतीच्या रूपातच तिच्या गुणाची खूण असते असे मानले, आणि तिथे काविळीवर बार्बेरीची पिवळी साल दिली जाई. बार्बेरी आणि दारुहळद या एकाच प्रजातीतल्या बहिणी आहेत. कोणता पिवळा शत्रू आणि कोणता मित्र, हे नियम सांगत नाही. ते घरातले वडीलधारे ठरवतात, आणि रोगी बरा झाला की दोन्ही बाजू खऱ्या ठरतात.

रोगी बरा होतोच, ही यातली खरी मेख आहे. पाण्यातून होणारी साधी कावीळ काही आठवड्यांत उतरते आणि काड्यांची माळही हळूहळूच उतरते, त्यामुळे दोघी हातात हात घालून चालल्यासारख्या दिसतात. माठाने हे एकदा उघडे पाडले होते. पण प्रत्येक घरात विज्ञान शिकवणारे काका नसतात.

परातीतल्या पाण्याचे कोडे मला फार उशिरा उलगडले. आंब्याची अंतरसाल वाटून तिचा रस हाताला चोळून वाळवला आणि मग हात चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळे होते. महाराष्ट्रातले अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे शाळाशाळांतून करून दाखवतात, आणि मीही माझ्या विद्यार्थ्यांना करून दाखवले आहे. पहिल्यांदा ते जमले तेव्हा मला आठवले की त्या गृहस्थांच्या अंगणात आंबा होता आणि त्याच्या बुंध्यावर, पुरुषभर उंचीवर, साल खरवडल्याच्या ताज्या जागा होत्या. म्हणजे त्यांना ठाऊक होते. ते लबाड होते काय, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. साल चोळायची, मंत्र म्हणायचा, निवळीत हात धुवायचे, असे त्यांच्या वडिलांनी त्यांना उपचार म्हणूनच शिकवले असेल, तर पाणी पिवळे होणे हा त्यांच्या लेखी उपचाराचा भाग होता. कौशिकसूत्रातल्या पुरोहितालाही हळद आपणच फासली हे माहीत होते. आणि हेच गृहस्थ निघताना आईला बजावून सांगत होते की पोरीला उन्हात हिंडू देऊ नका, तेलकट देऊ नका, पाणी उकळून द्या. मंत्राच्या पाठीला पाठ लावून हा शहाणपणाही त्यांच्याकडे होता.

पण माळ प्रत्येक वेळी माठाइतकी निरुपद्रवी नसते. आमच्या आळीतल्या एका बाईंना सातव्या महिन्यात कावीळ झाली आणि माळ छातीपर्यंत येण्याची वाट पाहण्यात आठ दिवस गेले. त्या परत आल्या नाहीत. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली होती. सांडपाणी यमुनेतून पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोहोचले आणि सुमारे 29,000 लोकांचे डोळे पिवळे झाले. गर्भवती स्त्रियांना तिचा फटका फार मोठा बसला. तेव्हाचे जपून ठेवलेले रक्तजलाचे नमुने वर्षांनंतर तपासले तेव्हा कळले की हा काविळीच्या विषाणूंतला नेहमीचा अ प्रकार (हिपॅटायटिस ए) नव्हता; पुढे त्या विषाणूला ई हे अक्षर मिळाले. शेवटच्या तिमाहीत या काविळीने दर चार-पाच बायांमागे एक दगावू शकते.

आजीचे वाक्य मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळले ते हे सगळे वाचताना. अ प्रकारचा विषाणू 1973 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. तो पाण्यातून आणि हातांतून पसरतो, आणि शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत 15 ते 50 दिवस जातात. म्हणजे फ्रेझरचा दुसरा नियम, स्पर्शाचा, काविळीच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे: महिन्यापूर्वी घशाखाली गेलेला घोट अजून काम करत असतो. इतक्या जुन्या घोटाची कोणाला आठवण असणार? आमच्या गावात नळाची पाइपलाइन गटाराला लागून गेली होती आणि पावसाळ्यात दोन्हींचे पाणी एक होत असे. ती खणून पाहण्याचे काम कोणत्याही माळेच्या आवाक्यातले नव्हते. पण माठाला कावीळ होती हे आजीचे म्हणणे, तिला अभिप्रेत नसलेल्या पद्धतीने का होईना, त्या खोलीतल्या सर्वांत शिकलेल्या माणसाच्या हसण्यापेक्षा जास्त बरोबर होते.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला मुलगा झाला. चौथ्या दिवशी त्याचे बिलिरुबिन, म्हणजे अंग पिवळे करणारे रक्तातले द्रव्य, 18 वर गेले आणि त्याला निळ्या दिव्याखाली ठेवले. नवजात बाळाच्या काविळीवरचा हा उपचार इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सापडला. 1956 मध्ये तिथल्या जे. वॉर्ड या परिचारिकेने अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेले होते. एका बाळाचे अंग फिके झाले आणि चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला तेवढा त्रिकोण गडद पिवळा राहिला, हे तिने डॉक्टरांना दाखवले. 1958 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दिव्यांच्या उपचाराचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. निळा उजेड बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि मग यकृताने त्यावर नेहमीची रासायनिक प्रक्रिया न करताही तो बाहेर टाकता येतो.

बाळ दिव्याखाली असताना आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश आला. अथर्ववेदात काविळीवर सूर्यकिरणांचा उपचार हजारो वर्षांपूर्वीच सांगितला आहे, आणि खाली पहिली ऋचा. ऋचा बरोबर होती. पोपटांची ऋचा कोणी पाठवली नव्हती, आणि पहिल्याच ऋचेतल्या तांबड्या बैलाबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते. ढिगातून आजच्या वैद्यकाशी मिळतीजुळती दिसणारी तेवढी एक ओळ निवडून तिला दिव्याच्या शेजारी बसवले होते. सारखे दिसते म्हणून ते एकच असणार, हाच तो फ्रेझरचा पहिला नियम, आणि तो पाठवणारा माझा आतेभाऊ इंजिनिअर आहे. मी उत्तर टंकायला घेतले आणि अर्ध्यावर खोडले. दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधलेले, निळे दिसणारे ते मूल श्वास घेत होते आणि वाद घालण्याची ती जागा नव्हती.

दोन दिवसांनी बिलिरुबिन 10 वर आले आणि बाळ घरी आले. माझ्या थोरल्या जावेने त्याच्यासाठी विणलेले पिवळे झबले पिशवीत वरच होते. भाचीच्या सासूबाईंनी ते पाहिले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "ताई, एवढं आत्ता नको घालायला. पिवळं आहे." त्यांना बिलिरुबिनचे समजावून सांगता आले असते, तीस वर्षे तेच काम केले आहे. मी झबल्याची घडी घातली, कपाटाच्या अगदी तळच्या खणात ठेवली आणि वर दोन पांढरी दुपटी टाकली.